बारा तासांच्या पाळीतून ताकद आणि दम
(लेखांक ६)

ताकदीचे व्यायाम झाले, दमसासाचे झाले. आता दोन्हींना वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न. भिवंडीत तो फार टोकदार होतो. इथला यंत्रमाग कामगार बारा-बारा तासांची पाळी करतो. एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवायची, धोट्यातली संपलेली कांडी बदलायची, तुटलेला धागा जोडायचा आणि लगेच पुढच्या मागाकडे वळायचे. मानकोली, पूर्णा, काल्हेरच्या गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचीही पाठ दिवसभर मोकळी होत नाही. एवढी मेहनत करणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असे कुणालाही वाटेल.

गरज आहे, आणि तिचे कारण शरीरातच आहे. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पण मागामागांतली चाल म्हणजे जिना चढणे नव्हे. ती संथ असते, चार पावलांवर थांबते. हृदयाला हवी ती काही मिनिटांची जोरदार धडधड आणि नंतरची विश्रांती. तासन् तास उभे राहण्यात दोन्ही मिळत नाही, उलट पायांत रक्त साचते. ओझे उचलतानाही वजन आपल्या बेताने वाढत नाही, कमरेला सावरायला वेळ मिळत नाही. बारा तासांची पाळी हीच मुळात अन्यायाची आहे. ती बदलेपर्यंत कामगाराने आपले शरीर तिच्या हवाली करू नये, म्हणून हा लेख.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवला. तो सलग निदान दहा मिनिटे तरी हवा, ही जुनी अट त्याच वेळी गेली. पाळीवाल्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. खोलीपासून कारखान्यापर्यंतची वाट भरभर चाललात तर तीही हिशेबात येते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. वऱ्हाळा तलावाच्या बाजूला राहणाऱ्यांनी पहाटे तिकडे जावे. कल्याण नाक्याची धूळ आणि धूर तरी टळेल.

ताकदीसाठी जोर आणि बैठका पुरेत. तालमीने हे आपल्याला कधीच देऊन ठेवले आहे. त्यांना ओढण्याच्या व्यायामाची जोड द्या : पाण्याचा भरलेला कॅन, पाठ सरळ ठेवून, कमरेपर्यंत ओढायचा. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटे काढा. एकाच दिवशी दोन्ही करायचे असेल तर आधी ताकद, मग दम.

दोन्ही एकत्र केले की ताकद वाढत नाही, अशी एक भीती घातली जाते. तिचे मूळ रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगात आहे. त्यातली माणसे आठवड्यातून पाच दिवस वजने उचलत आणि सहा दिवस दमाचा कठीण व्यायाम करत. आपल्या दोन दिवसांना ती भीती लागू नाही.

रात्रपाळी संपवून आल्यावर मात्र व्यायाम नको. आधी झोप, मग जेवण, आणि पाळीवर जाण्याआधी व्यायाम. पाळी बदलते त्या आठवड्यात ताकदीचा एकच दिवस जमला तरी खंत करू नका. जोर पूर्ण लावला तर कमावलेली ताकद तेवढ्यावरही टिकते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सुती धाग्याच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी आवळल्यासारखी होत असेल, तर दम वाढवण्याच्या मागे लागू नका. ते फुप्फुसाच्या आजाराचे लक्षण असू शकते. चालण्याची सुरुवात करण्याआधी इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे छाती आणि रक्तदाब तपासून घ्या.

पुढच्या आठवड्यात : खाणावळीच्या ताटातली प्रथिने.