परक्या यंत्राच्या लायब्रऱ्या

रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा संगणक आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. २०१२ साली तो प्रथम बाजारात आला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरची गती ७०० मेगाहर्ट्झ आणि स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती. अशा यंत्रावर मोठा प्रोग्रॅम कंपाइल करावयास घेतला, तर रात्र सरते पण काम सरत नाही. म्हणून टेबलावरच्या मोठ्या संगणकावर बसून त्या लहान यंत्रासाठी प्रोग्रॅम सिद्ध करावा लागतो. ह्यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. शिंप्याने आपल्या दुकानात बसून परगावच्या गिऱ्हाइकाचा अंगरखा शिवावा, तसा हा प्रकार आहे. शिवणयंत्र शिंप्याचे असले तरी माप गिऱ्हाइकाचेच हवे.

हे माप बहुतांशी लायब्रऱ्यांत असते. फाइल आवळून लहान करणे किंवा प्रचंड संख्यांचा गुणाकार करणे, अशी कामे प्रोग्रॅम आधीच लिहिलेल्या लायब्रऱ्यांकडून करवून घेतो. लायब्ररीची मुख्य फाइल यंत्रभाषेत असते. तिच्यासोबतची हेडर फाइल कंपायलरला लायब्ररीची ओळख करून देते.

लिनक्समध्ये ह्या लायब्रऱ्या 'लिब' नावाच्या डिरेक्टरीत राहत. ६४ बिटांची यंत्रे आली, तेव्हा शेजारी 'लिब६४' हे दुसरे बिऱ्हाड थाटण्यात आले. दोनच जाती होत्या तोवर हे निभावले. पण एकट्या ३२ बिटी एआरएम प्रोसेसरांतच दोन पोटजाती निघाल्या. एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे अपूर्णांक पाठवावयाचा, तर एक जात तो साध्या रजिस्टरांतून पाठविते, दुसरी खास अपूर्णांकांच्या रजिस्टरांतून. एकीची लायब्ररी दुसरीला चालत नाही, आणि बिटांचा आकडा मात्र दोहोंचा एकच! तेव्हा डेबियनच्या मंडळींनी डिरेक्टरीला पुरते नावच देण्याचे ठरविले. प्रोसेसर, कार्यप्रणाली आणि फंक्शनांच्या देवघेवीची रीत, अशी तिन्ही त्या नावात येतात. 'एआरएम-लिनक्स-जीएनयूइएबीआयएचएफ' हे त्यांतलेच एक. जीभ अडखळते खरी. पण २०१३ च्या सातव्या आवृत्तीपासून ह्या व्यवस्थेमुळे अनेक जातींच्या लायब्रऱ्या एका संगणकावर शेजारी शेजारी नांदू लागल्या.

सरमिसळ झाली तर काय होते? लायब्ररीच परक्या जातीची असेल तर लिंकर तिला ओळखून बाजूला सारतो आणि दुसरी न मिळाल्यास तक्रार करून थांबतो. ही चूक आरडाओरडा करणारी, म्हणून सुसह्य. हेडरची चूक मात्र मुकी असू शकते. मोठ्या संख्यांच्या 'जीएमपी' लायब्ररीच्या हेडरमध्ये संख्येचा एक तुकडा किती बिटांचा, हे नमूद असते. ६४ बिटी यंत्राचे हेडर ३२ बिटी कामात शिरले, तर कंपायलर ते निमूटपणे खरे मानील आणि उत्तरे चुकतील. डेबियनमध्ये हे हेडरही यंत्राच्या नावाच्या डिरेक्टरीत ठेवतात, ते ह्याचसाठी.

एवढे करूनही एक फट उरतेच. पहिला रास्पबेरी पाय एआरएमच्या सहाव्या पिढीचा. डेबियनच्या ह्या शाखेला सातवी पिढी लागते. रास्पबेरीसाठी निराळ्या केलेल्या रास्पबियन प्रणालीने मात्र डिरेक्टरीचे नाव तेच ठेवले! मी स्वतः ह्या फटीत पाय घातला आहे. आपला प्रोग्रॅम सहाव्या पिढीसाठी कंपाइल केला, पण एक लायब्ररी डेबियनच्या भांडारातून उचलली. काम बिनतक्रार पार पडले आणि पायवर प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळला. दोन संध्याकाळी मी माझ्याच ओळींत दोष शोधीत बसलो होतो.

तेव्हापासून मी प्रत्येक यंत्रासाठी वेगळे मूळ ठेवतो, म्हणजे सिसरूट. त्या यंत्रावरच्याच 'लिब', 'युएसआर-लिब' आणि 'युएसआर-इन्क्लूड' ह्या डिरेक्टऱ्या उतरवून घ्यावयाच्या आणि कंपायलरला ते मूळ दाखवावयाचे. उतरविताना दुव्यांकडे पाहावे. मुळापासून पूर्ण मार्ग सांगणारा दुवा नव्या जागी आपल्याच संगणकाच्या 'लिब'कडे बोट दाखवू लागतो. तो सापेक्ष करून घ्यावा. 'पीकेजी-कॉन्फिग'लाही बजावावे लागते. त्याचे 'पाथ' हे चलपद जुन्या यादीत भर घालते, तर 'लिबडिर' ती यादीच बदलते. आपल्याला दुसरे हवे.

शेवटी, लायब्ररीविषयी शंका आली तर 'रीडएल्फ' हा प्रोग्रॅम 'ए' हे मोठे अक्षर जोडून तिच्यावर चालवावा. पिढीच्या जागी 'व्ही७' असे उत्तर आले, तर ती फाइल पहिल्या पायच्या मुळात कोठून शिरली, हे आधी शोधावे आणि मगच आपल्या ओळींकडे वळावे.