भीमसेनांचें गाणें आणि दूरचे श्रोते

गवय्याची थोरवी मोजण्याचीं मापें निरनिराळीं असतात. कोणी त्याचें घराणें पाहतो, कोणी तानांची तयारी, कोणी त्यास मिळालेल्या पदव्या. आम्ही वर्ध्यास लागून असलेल्या बोरगांव मेघे येथें राहणारीं माणसें. पुण्यामुंबईच्या रसिकांप्रमाणें वारंवार उत्तम गाणें ऐकण्याचें भाग्य आमच्या वांट्यास कधींच आलें नाहीं. म्हणून आमचें माप थोडें वेगळें आहे. राजधान्यांपासून दूर, आडगांवाहून आलेल्या श्रोत्यांपुढें बसल्यावर गवई आपलें गाणें कितपत मनापासून गातो, हें तें माप होय. या मापानें पाहतां पंडित भीमसेन जोशी यांच्या तोडीचा कलावंत आम्हीं पाहिला नाहीं. आणि त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें तें याच कारणानें.

भीमसेनांचें आयुष्य प्रवासानेंच घडलें. त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ रोजीं गदग येथें झाला. वडील गुरुराज जोशी हे शिक्षक. परंतु मुलाच्या कानांत अब्दुल करीम खांसाहेबांच्या झिंझोटींतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका घुमत राहिली, आणि १९३३ सालीं, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षीं, तो गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला. खिशांत पैसा नाहीं; आगगाडींत उतारूंना गाणीं म्हणून दाखवावीं आणि पुढचें स्थानक गांठावें! ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर अशी भटकंती झाली. जालंदरास अंध धृपदिये मंगतराम यांच्याजवळ कांहीं काळ शिक्षण मिळालें. खरा गुरु तुझ्या घराजवळच आहे, असें तेथें विनायकबुवा पटवर्धनांनीं या मुलास सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तो गुरु म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अर्थात् सवाई गंधर्व. सारा उत्तर हिंदुस्थान धुंडाळून मुलगा अखेर आपल्याच धारवाड मुलखांत येऊन विसांवला. गुरुगृहीं पाणी भरावें, पडेल तें काम करावें आणि उरलेल्या वेळांत स्वर घोटावा, असा तो जुन्या वळणाचा विद्याभ्यास होता.

जानेवारी १९४६ मध्यें गुरूंच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त पुण्यास जो समारंभ झाला, त्यांतील गाण्यानें भीमसेनांचें नांव रसिकांच्या तोंडीं झालें. पुढें १९५२ सालीं सवाई गंधर्व निवर्तले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यास संगीत महोत्सव सुरू झाला. या उत्सवाची धुरा भीमसेनांनीं अनेक दशकें वाहिली. मात्र ते स्वतः पुण्यांत थोडेच बसून राहिले! आज बेळगांव तर उद्यां कलकत्ता, असा त्यांचा क्रम. स्वतः मोटार हांकीत शेंकडों मैल जावें, उतरल्यावर तंबोरे जुळवावे आणि गावयास बसावें. विमानांतील या नित्याच्या फेऱ्यांमुळें त्यांना ‘हवाई गंधर्व’ असें लाडकें नांव मिळालें.

मुंबईहून कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग आमच्या वर्ध्यावरूनच जातो. दिल्लीहून दक्षिणेस जाणाराही येथेंच त्यास मिळतो. त्यामुळें थोर कलावंत आमच्या गांवावरून पुष्कळदां गेले, उतरले मात्र क्वचित्. भीमसेनांना ऐकावयाचें तर आम्हांस नागपूर गांठावें लागे. अंतर सुमारें पन्नास मैलांचें. पण एकत्र कुटुंबांत ही गोष्ट सोपी नसते. घरांतील वडील माणसांची संमति, मागें राहणाऱ्या मुलांची व्यवस्था, परतीच्या गाडीची वेळ, हें सर्व जमलें तर जाणें होई. सबंध आयुष्यांत आमच्या पदरीं पडलेल्या त्यांच्या मैफली दोहों हातांच्या बोटांवर मोजतां येतील. म्हणूनच त्यांतील प्रत्येक मैफल आम्हांस अद्यापि आठवते.

दोन तंबोऱ्यांच्या मध्यें बसून त्यांनीं षड्ज लावला, कीं मागें रांगेंत चाललेली कुजबुज आपोआप थांबे. किराणा घराण्याच्या रीतीप्रमाणें विलंबित ख्यालांत एकेका स्वराची ओळख करून घेत ते वर चढत. पूरिया धनाश्री असेल तर तार षड्जापर्यंत पोंचण्यास बराच अवधि लागे. तोंपर्यंत श्रोत्याच्या मनांत त्या स्वराची एवढी ओढ उत्पन्न झालेली असे, कीं तो लागतांच सभागृहांतून एकदम सुस्कारा निघे. मग ती गडगडणारी तान! शरीर एका अंगास झुकलें आहे, हात जणुं एखादी जड वस्तु उचलीत आहेत, असें तें दृश्य ज्यांनीं पाहिलें त्यांस ध्वनिमुद्रिकेंत कांहींतरी उणें वाटतें तें उगीच नव्हे.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जाई. भीमसेन तेच ते राग गातात. शुद्ध कल्याण, मुलतानी, मियांकी तोडी, दरबारी, मालकंस, अभोगी यांपलीकडे फारसे जात नाहींत, असें जाणकार म्हणत. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. त्यांनीं ‘कलाश्री’सारखा नवा राग रचिला हें खरें; तरी त्यांचा मुख्य संसार मोजक्या रागांचा होता. परंतु त्यांच्या तालमीचा आरंभच तोडी, मुलतानी आणि पूरिया या तीन रागांच्या दीर्घ अभ्यासानें झाला असें सांगतात. थोडें घ्यावें आणि खोल जावें ही शिकवण तेथलीच. शिवाय दूरच्या श्रोत्याचा अनुभव निराळा असतो. मुलतानी आम्हीं त्यांच्याकडून तीनदां ऐकला, आणि त्या तीन ऐकण्यांमध्यें वर्षांचें अंतर होतें. दर वेळीं त्या कोमल रिषभाकडे जाण्याची वाट त्यांनीं वेगळी धरली, आणि मधल्या काळांत आम्हीही बदललेलों होतों. ओळखीच्या घरीं पुनः गेल्यावर जें समाधान होतें तें नव्या वाड्यांत हिंडून होत नाहीं. नाविन्याची हौस ज्यास रोज गाणें मिळतें त्याला; आम्हांस त्या रागांची ओळख व्हावयासच तेवढीं वर्षें लागलीं.

त्यांच्या चरित्रांत उणीव नव्हती असें नाहीं. मद्याच्या व्यसनानें त्यांना कांहीं वर्षें ग्रासिलें होतें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या व्यसनांतून ते बाहेर पडले आणि पुढें दीर्घकाळ गायिले, हें आम्हांस त्यांच्या तानेइतकेंच मोलाचें वाटतें. १९९९ मध्यें मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही ते पुनः व्यासपीठावर आले.

आमच्या घरांत मात्र भीमसेन प्रथम ख्यालाच्या वाटेनें आले नाहींत. ते अभंगाच्या वाटेनें आले. आमचा हा मुलूख भजनाचा. १९३६ सालीं गांधीजी सेवाग्रामास राहावयास आले, आणि आश्रमाच्या प्रार्थनेंत पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनीं संकलित केलेलीं भजनें म्हटलीं जाऊं लागलीं. इकडे तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनें वऱ्हाडांतील गांवेंच्या गांवें जागविलीं. अशा ठिकाणीं ‘संतवाणी’ ऐकतांना कोणास परकेपणा वाटला नाहीं. स्वयंपाकघरांतील बायकांनीं हातांतील काम थांबवून रेडिओवर नामदेव-तुकोबांचे अभंग त्या आवाजांत ऐकले. आणि अभंग ऐकून झाल्यावर, हाच मनुष्य आणखी काय गातो, अशी पृच्छा त्यांनींच प्रथम केली. ज्या स्वरानें विठ्ठलास हांक मारली तोच स्वर तोडींत ऐकूं आला, तेव्हां तोडी अवघड आहे हें कोणास सांगावें लागलें नाहीं. अभंग गाऊन त्यांनीं आपली पायरी सोडली असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी.

२००८ सालीं त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि २४ जानेवारी २०११ रोजीं पुणें येथें त्यांचें देहावसान झालें. त्यानंतर कांहीं बाबतींत दिवस पालटले आहेत. पूर्वीं महोत्सवांत रात्र रात्र गाणें चाले आणि पहांटे भीमसेन गावयास बसत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर बंधन आलें. नियम रास्त आहे. लोकांस झोंप हवीच. परंतु दरबारी, मालकंस, ललित यांना त्यांच्या स्वाभाविक प्रहरीं भरल्या मंडपांत ऐकण्याची संधि त्यामुळें उणावली. उलट ध्वनिमुद्रणें इतकीं झालीं आहेत कीं, घरांतील मुलास हवा तो राग हवा त्या क्षणीं हातांतल्या यंत्रावर मिळतो. तो दोन पळें ऐकतो, पुढें सरकतो, आणि आपण भीमसेन ऐकले असें समजतो! गाणें दुर्मिळ होतें तेव्हां कान तयार होते. गाणें मुबलक झालें आणि कान मात्र उपाशी राहिले, अशी ही अवस्था आहे.

यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाहीं, आणि तो एकत्र कुटुंबासच अधिक सुलभ आहे. आठवड्यांतून एक सांज ठरवावी. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनीं एकत्र बसून एकच राग, विलंबितापासून द्रुतापर्यंत, मध्यें न उठतां ऐकावा. मुलांना रागाचें नांव सांगण्याची घाई करूं नये. पुनःपुनः ऐकून तें नांव त्यांनींच विचारावें. दुसरें असें कीं, आपल्या जिल्ह्याच्या गांवीं एखादा तरुण गवई वा गायिका आली, तर तिकीट काढून, घरच्या मंडळींसह, पुढच्या रांगेंत जाऊन बसावें. भीमसेन दूरवर हिंडले आणि सर्वत्र जीव ओतून गायिले, याचें श्रेय त्यांचें. परंतु ते जेथें जेथें गेले तेथें त्यांना ऐकणारीं माणसें भेटलीं, हेंही तितकेंच खरें आहे. पुढचा गवई वर्ध्याच्या स्थानकावर उतरावा अशी इच्छा असेल, तर त्याच्यासाठीं तशीं माणसें येथें तयार असलीं पाहिजेत.