मस्टरवाले आणि थम्बवाले

एकच ऑफिस, एकच साहेब, एकच चहावाला... तरीही शेजारच्या दोन टेबलांमध्ये तीस वर्षांचं अंतर! सरकारी ऑफिसातली जनरेशन गॅप नेमकी असते तरी कुठे?

सकाळचे नऊ चाळीस. मुंबईतल्या एका सरकारी ऑफिसच्या दारात थम्ब मशीनपुढे ही लाइन लागलीय. माझी मामेबहीण अंगठा टेकवून दोन सेकंदांत मोकळी. तिच्या मागच्या बाईंचा अंगठा मात्र मशीन ओळखतच नाही. एकदा, दोनदा, तीनदा... "कागद उलटून उलटून रेषाच पुसल्या गं माझ्या," बाई हसत म्हणतात. त्यांच्या काळात मस्टर होतं. सही केली की झालं, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर मस्टर सांभाळणाऱ्याला एक गोड स्माइल.

बहीण सव्वीस वर्षांची. इंजिनीअरिंग केलं, दीड वर्ष आयटीत काढलं, मग एमपीएससी देऊन क्लार्क-टायपिस्ट झाली. बाई १९९१ ला टायपिस्ट म्हणून लागल्या, आता हेडक्लार्क आहेत. दोघीही मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा पास. पण बाईंची बोटं खडखडणाऱ्या टाइपरायटरवर घडलेली, तर हिची कॉम्प्युटरच्या की-बोर्डवर. मधल्या काळात बाईंना एमएस-सीआयटी करावं लागलं, तेही मुलाच्या दहावीच्या वर्षी. मुलगा आणि आई एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचे म्हणे!

शनिवार आपला, लोकल गेली

आपल्याला बाहेरून वाटतं, सरकारी ऑफिसात म्हातारे टंगळमंगळ करतात आणि नवे पोरं-पोरी फास्ट असतात. इतकं सोप्पं नाहीये बॉस. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला. बहिणीच्या बॅचला तो आयताच मिळाला, त्यामुळे शनिवारी ट्रेक नाहीतर पिक्चर ठरलेला. बाईंनाही सगळे शनिवार मिळाले, पण त्या बदल्यात रोजची पाऊण तास ड्युटी वाढली आणि संध्याकाळची ठरलेली लोकल सुटली. लोकलबरोबर डब्यातली वीस वर्षांची गँगही सुटली. भाजी निवडणं, हळदीकुंकू, वाढदिवसाचे सामोसे, सगळंच.

कपड्यांचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये सरकारचं परिपत्रक निघालं. जीन्स-टी-शर्ट नको, स्लिपर नको, शुक्रवारी खादी घाला. पुढे जीन्सला सूट मिळाली, टी-शर्टला नाही. तरुण मंडळी ग्रुपवर जोक टाकत बसली. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "साडीत दिवसभर रॅकवर चढून फाइली काढल्यात का कुणी?"

कॉपी-पेस्टला पूर्वपीठिका नसते

खरी गंमत कामात कळते. सुरुवातीला बहिणीने एका प्रकरणावर वीस मिनिटांत टिपणी लिहिली आणि ई-ऑफिसवर वर ढकलली. एकदम खूश! दुसऱ्या दिवशी ती परत. साहेबांचा एकच शेरा, ‘पूर्वीचा निर्णय जोडावा.’ कॉम्प्युटरमध्ये शोधशोध शोधलं, काही नाही. बाई उठल्या, मागच्या रॅकमधला लाल कापडातला गठ्ठा काढला आणि पिवळ्या पडलेल्या कागदावर बोट ठेवलं. असाच प्रस्ताव आधी एकदा आलेला होता आणि वित्त विभागाने हरकत घेतलेली होती.

"स्कॅन होण्याआधीही सरकार चालत होतं," बाई म्हणाल्या. पण २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळले आणि असंख्य फाइली राख झाल्या, हेही त्यांनीच सांगितलं. कागद जळतो आणि माणूस रिटायर होतो. म्हणून हल्ली रोज दुपारी डबा खाऊन झाला की अर्धा तास दोघी एक एक गठ्ठा सोडतात. बाई सांगतात, बहीण स्कॅन करते आणि नावं देऊन सेव्ह करते.

एक तारीख

मात्र या दोन टेबलांमधली सगळ्यात मोठी भिंत टेक्नॉलॉजीची नाही. ती एका तारखेची आहे... १ नोव्हेंबर २००५. त्याआधी राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन. म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, तहहयात. त्या दिवसापासून लागलेल्यांना मात्र नवा हिशेब. पगारातून १० टक्के आपले, १४ टक्के सरकारचे, आणि पुढे बाजार देईल ते. खुर्ची तीच, फाइल तीच, म्हातारपण मात्र वेगळं!

मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले. १४ तारखेला सुरू झालेला संप २० ला मिटला. बहीण तेव्हा एमपीएससीचा अभ्यास करत होती. बाईंची पेन्शन तर पक्की होती, तरी त्या पगार कापला जाण्याची रिस्क घेऊन संपात बसल्या. का? "माझ्या खुर्चीवर पुढे कुणीतरी बसणारच होतं ना!" ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवर एकीकृत पेन्शन योजनेला मान्यता दिली. पण ऑफिसातल्या चहाच्या टेबलावर नवीन काय आणि जुनं काय यावरची चर्चा काही संपलेली नाही.

बाई लवकरच अठ्ठावन्नच्या होतील. त्यांच्या पेन्शनचं प्रकरण तयार करायचं काम आलंय कुणाकडे? बहिणीकडेच! सेवापुस्तकात एका जुन्या बदलीची नोंद सापडेना. तिने तीन दिवस दुसऱ्या ऑफिसात फोन लावले, एकदा स्वतः जाऊन आली आणि नोंद मिळवली. जी पेन्शन तिला कधी मिळणार नाही, तिचे कागद ती सगळ्यात नीट लावतेय.

मी तिला विचारलं, राग नाही येत?

"येतो ना," ती म्हणाली. "पण मॅडमचा नाही."

माझी आईही सरकारी नोकरीतून रिटायर झालीय. दर महिन्याला पेन्शन जमा झाल्याचा तिचा मेसेज येतो, तेव्हा मी कुठल्यातरी मासिकाच्या अकाउंट्सवाल्यांना तिसरा रिमाइंडर पाठवत असते. इतकी वर्षं मी त्याला ‘सरकारी जावई’ म्हणून हसत आले. परवा ते सेवापुस्तक पाहिलं. चौतीस वर्षांची प्रत्येक रजा, प्रत्येक इन्क्रिमेंट, प्रत्येक बदली, शाईने लिहिलेली. माझ्या सात वर्षांची अशी एकही नोंद कुठे नाही.

घरी आल्यावर पहिल्यांदाच एक वही काढली आणि आजवरच्या कामांच्या तारखा लिहायला बसले.