खुडूक की आजारी?

कोंबडीच्या आजारपणावर एका कवीनं बोलावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण शब्दांच्या बारीक छटा ओळखतो म्हणून मिरवणाऱ्या मला घरच्या कोंबडीची अवस्था ओळखता आली नाही, म्हणून हे सांगतो आहे.

माझ्या लेकीनं पाळलेली चांदणी एके सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसली. मी म्हणालो, "खुडूक झालीय, बसू दे." दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गळ्याखाली बोटं फिरवली. दाणे साठण्याची पिशवी दगडासारखी घट्ट झाली होती. सुतळीसारखं काहीतरी गिळून ते आत अडकलं असावं, असं ते म्हणाले. त्या रात्री चांदणी गेली. लेक एवढंच बोलली, "अब्बा, तुम्ही तिला हात लावून तरी पाहायचं होतं."

कोंबडी आपला आजार लपवते. ती दुबळी दिसली की बरोबरीच्याच तिला टोचतात, मांजर-मुंगूस हेरतं. त्यामुळं ती उघडपणे मलूल दिसते तेव्हा दुखणं बरंच पुढं गेलेलं असतं.

खुडूक कोंबडी अंडी घालायच्या जागीच चिकटून बसते. हात नेला की फुगते, कुरकुरते, चोच मारते. दिवसातून एखादी वेळ उठून दाणा-पाणी उरकते. आजारी कोंबडी कुठंही बसते, डोळे मिटते, पंख सैल सोडते आणि हात लावला तरी रागावत नाही.

सकाळी खुराडं उघडताच, दाणे टाकण्यापूर्वी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपावी. रात्री भरलेली ती पिशवी सकाळी रिकामी हवी. तुरा फिका किंवा निळसर पडलाय का, श्वास घरघरतो का, विष्ठा पातळ, हिरवी आहे का, पंखांखाली उवा आहेत का, तेही पाहावं.

शंका आली की तिला इतरांपासून दूर, उबेला ठेवा. पाणी जवळ ठेवा आणि डॉक्टर गाठा. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. मान पिळवटणारी मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूमुळं होते. ती बरी करणारं औषध नाही. लस मात्र आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर उघड्या हातांनी शिवू नका, कापून खाऊ तर मुळीच नका. पशुसंवर्धन खात्याला कळवा. २००६ साली नवापूर भागात बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

परवा आमची दुसरी कोंबडी खुराड्यात तशीच फुगून बसलेली दिसली. काळजात धस्स झालं. हात पुढं केला, तर तिनं मनगटावर अशी चोच मारली, की रक्तच आलं. मी आनंदानं ओरडलो, "अगं ये, ही खुडूकच आहे!"

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)