पाळी अकाली थांबते तेव्हा

तिशी-पस्तिशीच्या बाईने आग होते, कोरडे पडते, लघवीला जळजळते अशी तक्रार केली की घरात पहिला शेरा तिच्या स्वच्छतेवर मारला जातो. बिचारी साबणाने अधिकच धुऊ लागते. तिची पाळी चार महिन्यांपासून आलेली नाही, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. खरा दुवा तेथेच असू शकतो.

१८९२ साली डोडरलाईन या जर्मन वैद्याने योनीमार्गात राहणाऱ्या काठीसारख्या जंतूंचे वर्णन केले. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. दह्याच्या विरजणात असतात त्यांचेच हे भाऊबंद. जंतू म्हटला की तो मारायचाच, अशी आपली समजूत. हे जंतू मात्र राखणदार आहेत. अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे योनीचे अस्तर जाड राहते व त्यात ग्लायकोजेन साठते. त्या शिदोरीवर जगून हे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो, आणि एवढ्या आंबटपणात अपायकारक जंतूंना पाय रोवणे जड जाते.

चाळिशीच्या आत अंडाशयांचे काम थांबले की शिदोरीच संपते. अस्तर पातळ होते, राखणदार घटतात, आम्लता कमी होते आणि इतर जंतू वाढतात. यात बाईच्या स्वच्छतेचा काय दोष?

असे का होते? गुणसूत्रांतील दोष, कॅन्सरवरील औषधे व किरणोपचार ही काही कारणे. पुष्कळदा कारण सापडतच नाही. शस्त्रक्रियेचे कारण आपण विशेष ध्यानात घ्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेली, त्याची चौकशी २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने केली. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन झपाट्याने आटते; ती ठेवली तरी लवकर थकण्याचा धोका वाढतो. काय काढणार, हे सही करण्यापूर्वी विचारावे. कर्जाच्या कागदावर आपण चार वेळा विचारतो, मग येथे संकोच कसला?

साबणाने किंवा जंतुनाशक द्रावणाने आतून धुणे बंद करावे. उरलेसुरले राखणदारही त्याने जातात. स्त्रीरोगतज्ज्ञांना पाळीची हकीकत सांगावी. रक्तातील एफएसएच तपासल्यावर उलगडा होण्यास मदत होते. योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने अस्तर सुधारते व लॅक्टोबॅसिलस बहुधा परततात. हाडे व हृदय यांच्यासाठी मात्र मलम पुरत नाही. त्याकरिता पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे पन्नाशीपर्यंत, संप्रेरके देतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असल्यास ते आधीच सांगावे, कारण तेथे उपचार वेगळा ठरतो.