मुक्काम हायडेलबर्ग : युरोपदर्शनाच्या आखणीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातून निघणाऱ्या अनेक युरोप सहलींच्या कार्यक्रमात हायडेलबर्ग असतं, पण दोन-तीन तासांपुरतं. बस नेकार नदीच्या काठाशी थांबते, जुन्या पुलावर फोटो होतात, टेकडीवरचा लाल दगडाचा किल्ला पाहून होतो आणि मंडळी ब्लॅक फॉरेस्टच्या वाटेला लागतात. याच शहरात आणि आजूबाजूला बरीच मराठी घरंही आहेत. कुणी जवळच्या वाल्डॉर्फमध्ये एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीत, कुणी विद्यापीठात, कुणी कर्करोग संशोधन केंद्रात. त्यांच्याकडे पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून आई-बाबा, सासू-सासरे येतात आणि मुलांकडे राहता राहता युरोपही पाहून घ्यायचा बेत ठरतो. हा बेत आखताना जे समज पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यातले निम्मे सहलींच्या पत्रकांतून आलेले असतात आणि उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवरून. त्यांची किंमत पैशांत मोजावी लागते, आणि साठी-पासष्टीच्या माणसांना गुडघ्यांतही. म्हणून ते एकदा नीट तपासून घेऊ.

“युरोप लहान आहे, बारा दिवसांत आठ शहरं सहज होतात.”

नकाशावर हे खरं वाटतं. हायडेलबर्गहून पंधरा-वीस मिनिटांत मॅनहाइम, तिथून वेगवान गाडीने तीन तासांहून थोड्या जास्त वेळात पॅरिस. दक्षिणेला गेलं तर दोन तासांच्या आसपास बासेल. पण प्रवासाचा वेळ गाडीच्या वेळापत्रकात मावत नाही. सकाळी बॅगा भरायच्या, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, उतरल्यावर नव्या शहराची मेट्रो समजून घ्यायची आणि हॉटेलवर पोचलं की कळतं, खोली दुपारी दोन-तीननंतर मिळणार. शहर बदललं की अर्धा दिवस गेला, असा हिशेब धरावा. आठ शहरं म्हणजे सात बदल, म्हणजे साडेतीन दिवस सामानासोबत.

ग्रुप टूरला हे जमतं, कारण सामान बसच्या पोटात असतं आणि हॉटेल बहुधा शहराबाहेर महामार्गालगत. तिथली घाई मात्र नियमातूनही येते. युरोपीय नियमांनुसार बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तासाची विश्रांती सक्तीची, दिवसाचं चालवणं साधारण नऊ तासांपर्यंत आणि रात्रीच्या विश्रांतीचे तासही ठरलेले. टूर मॅनेजर पाच मिनिटांसाठी ओरडतो, त्यामागे हे गणित असतं.

स्वतः आखणी करताना शहरं मोजण्याऐवजी मुक्काम मोजावेत, असं माझं ठाम मत आहे. हायडेलबर्गला घर असेल तर ते सोन्यासारखं केंद्र आहे. श्पायरचं हजार वर्षांपूर्वीचं कॅथेड्रल, श्वेत्झिंगेनच्या राजवाड्याची बाग (तिच्यात अठराव्या शतकात हौसेने बांधलेली मशिदीच्या घाटाची इमारतही आहे), फ्रँकफर्ट, अगदी फ्रान्समधलं स्ट्रासबुर्गसुद्धा सकाळी जाऊन रात्री स्वतःच्या अंथरुणात परत येण्याच्या अंतरावर आहे. त्यानंतर पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री, एवढं पुरे. परतीचं विमानही फ्रँकफर्टहूनच पकडलं पाहिजे असं नाही. फ्रँकफर्टला उतरून झुरिकहून परत, असं तिकीट काढता येतं आणि अनेकदा दरात फारसा फरक पडत नाही.

“जर्मनीचा व्हिसा आहे, म्हणजे नव्वद दिवस राहता येतं.”

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो वापरता येईल, आणि त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. समजा, १ मे ते १४ जुलै अशी मुदत आहे आणि दिवस ६० लिहिले आहेत. तर १ मेला आलेल्या आईंना २९ जूनला निघावंच लागेल, १४ जुलैची वाट पाहता येणार नाही. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही वरची मर्यादा आहे. तेवढे दिवस प्रत्येकाला मिळतातच असं नाही. ‘मध्ये लंडनला जाऊन आलं की मोजणी पुन्हा शून्यापासून’ हेही चूक. १८० दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते, आधीचे दिवस पुसले जात नाहीत.

लंडनचा विषय निघालाच आहे तर : ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. पॅरिस-लंडन-ॲमस्टरडॅम असा बेत असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल आणि शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागेल. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर लंडनला गेलेला माणूस ॲमस्टरडॅमला उतरू शकत नाही. स्वित्झर्लंडचं उलट आहे. ते युरोपीय संघात नाही, चलनही फ्रँक, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तोच व्हिसा चालतो. आज शेंगेनमध्ये २९ देश आहेत. रोमानिया आणि बल्गेरिया २०२५च्या १ जानेवारीला पूर्णपणे आत आले.

अर्ज कुठे करायचा, याबद्दल ‘ज्या देशाचा पटकन मिळतो तिथे टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. नियम सरळ आहे : जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथून प्रथम प्रवेश त्या देशाकडे. हायडेलबर्गला महिनाभर लेकीकडे आणि पाच दिवस पॅरिसला, तर अर्ज जर्मनीकडे. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून तो करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत वाढू शकतात. मे महिन्यासाठी एप्रिलमध्ये धावपळ करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शुल्क जून २०२४पासून प्रौढांना ९० युरो आहे. व्हिसा नाकारला तर जर्मन वकिलातीकडे फेरविचाराची विनंती करता यायची. ती सोय १ जुलै २०२५पासून बंद झाली. आता नवा अर्ज किंवा न्यायालय, एवढेच मार्ग आहेत. म्हणून पहिलाच अर्ज खरा आणि पूर्ण असू द्यावा.

चांगली बातमीही आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. एप्रिल २०२४पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले असतील तर साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. नातवंडांसाठी दरवर्षी येणाऱ्या आजी-आजोबांना याचा मोठा आधार आहे. मात्र पाच वर्षांच्या व्हिसावरही १८० दिवसांत ९०ची मर्यादा कायम राहते.

विम्याचं एक राहिलं. ३० हजार युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा व्हिसासाठी लागतो, म्हणून लोक सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतात. रक्तदाब, मधुमेह, जुनं हृदयाचं दुखणं अशा गोष्टी अनेक पॉलिसींतून वगळलेल्या असतात. ज्येष्ठांसाठी ते कलम वाचल्याशिवाय सही करू नये.

“शेंगेनमध्ये सीमा नाहीत, पासपोर्ट घरी ठेवला तरी चालतं.”

चालत नाही. १६ सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे. स्ट्रासबुर्गला एका दिवसासाठी गेलात तरी परतताना पोलिस गाडीत चढू शकतात. मोबाइलमधला फोटो म्हणजे पासपोर्ट नव्हे. इथल्या निवासपरवान्याचं कार्ड असलेल्या मुलासुनेनेही कार्डासोबत पासपोर्ट जवळ ठेवायचा असतो. शिवाय ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद संगणकात घ्यायला सुरुवात झाली आहे. शिक्का पुसट उमटला म्हणून जादा राहिलेला दिवस खपून जाण्याचा काळ संपला. ‘एटियास’ नावाची परवानगी काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे.

“जर्मन गाड्या घड्याळ लावावं इतक्या वेळेवर.”

ही ख्याती जुनी झाली. २०२४मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. त्यातही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर ‘वेळेवर’ धरला जातो आणि रद्द झालेल्या गाड्या या हिशेबात येतच नाहीत. हायडेलबर्गकरांना याचा चटका मॅनहाइमला बसतो, कारण बहुतेक मोठ्या गाड्या तिथून पकडाव्या लागतात. सात मिनिटांत फलाट बदलण्याची जोडणी संगणक सुचवतो; दोन बॅगा आणि आई-बाबा बरोबर असतील तर ती नाकारा आणि एक गाडी आधीची घ्या. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. स्वस्तातलं तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं, पण मुक्कामी पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. पोचायला एक तास उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मागता येतात. लोक मागत नाहीत. मागावेत.

रेल्वे पासबद्दलही गोंधळ असतो. भारतातून येणाऱ्या आई-बाबांसाठी युरेल, तर इथे राहणाऱ्या मुलांसाठी इंटररेल. गाड्या त्याच, पण इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात बाहेर पडण्याचा एक आणि परतण्याचा एक, एवढाच प्रवास मिळतो. ‘पास काढला, आता कुठल्याही गाडीत बसा’ हे पॅरिसच्या आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना लागू नाही. तिथे आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि पासधारकांच्या जागा मर्यादित. तीन-चारच मोठे प्रवास असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटं पासपेक्षा स्वस्त पडू शकतात.

‘जर्मनी तिकीट’ हा मासिक पास मात्र महिनाभर राहणाऱ्यांसाठी खरंच उपयोगाचा आहे. ते आता ४९ युरोंचं राहिलेलं नाही. २०२५मध्ये ५८ झालं, २०२६पासून ६३. आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. ट्राम, बस, एस-बान आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं. श्पायर, फ्रँकफर्ट, फ्रायबुर्ग त्यात होऊन जातं. स्ट्रासबुर्गला जायचं तर केल गावापर्यंत हे तिकीट आणि राइन ओलांडणाऱ्या ट्रामचं वेगळं. जर्मनी तिकीट वर्गणीच्या स्वरूपात असतं, म्हणून पुढच्या महिन्यासाठी नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं.

स्वस्त विमानांबद्दल एवढंच सांगते : तिकिटावर ‘फ्रँकफर्ट-हान’ लिहिलेला विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि ‘पॅरिस-बोवे’ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब.

“मे महिना, म्हणजे हापूसची पेटी नेऊ.”

डिसेंबर २०१९पासून युरोपीय संघात बाहेरून फळं-भाज्या आणायच्या तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना. आंबा त्यात नाही, कढीपत्ताही नाही. फळमाशीमुळे मे २०१४पासून काही महिने युरोपने भारतीय आंब्याची व्यापारी आयातसुद्धा थांबवली होती, एवढी तिथली यंत्रणा याबाबत सावध आहे. दूध आणि मांसाचे पदार्थही सामानातून आणायला मनाई आहे, म्हणजे घरचं कढवलेलं तूपसुद्धा नाही. चिवडा, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल आणा. इथे मे महिन्यात पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो, श्वेत्झिंगेनची त्यासाठी प्रसिद्धी आहे. ती आई-बाबांना खाऊ घाला. मेमध्ये आणि जूनच्या सुरुवातीला इथे सार्वजनिक सुट्ट्याही बऱ्याच येतात, आणि त्या दिवशी, रविवारसारखीच, दुकानं बंद असतात. किराणा आदल्या दिवशी भरून ठेवायचा.

“हायडेलबर्गला बघायला एक किल्ला, तो महायुद्धात पडला.”

किल्ला फोडला चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने, १६८९ आणि १६९३ मध्ये. पुढे १७६४ साली त्यावर वीज पडली. दुसऱ्या महायुद्धात शहर जवळजवळ अभंग राहिलं. जुना पूल मात्र मार्च १९४५मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानेच उडवला, आणि तो १९४७मध्ये पुन्हा उभा राहिला. पुलाखालून वाहते ती नेकार, राइन नव्हे. राइनची प्रसिद्ध बोटसफर बिंगेन ते कोब्लेन्झच्या दरीत होते आणि तिला वेगळा दिवस लागतो. ब्लॅक फॉरेस्टमधलं टिटीसे सरोवर तर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुख्य स्टेशनही जुन्या गावात नाही. ते १९५५मध्ये बाहेर हलवलं गेलं. ‘हायडेलबर्ग आल्टश्टाट’ नावाच्या एस-बान थांब्यावर उतरलं तर कमी चालावं लागतं.

किल्ल्यावर चढायला पायऱ्या तीनशेहून अधिक आहेत, पण १८९०पासून दोरखंडावर चालणारी पर्वतरेल्वेही आहे. किल्ल्याच्या तिकिटातच तिचा किल्ल्यापर्यंतचा प्रवास, १७५१ सालचं दोन लाख लिटरांहून मोठं लाकडी पिंप आणि औषधनिर्मितीचं संग्रहालय येतं. त्यापुढे ५६८ मीटर उंचीच्या क्योनिगश्टुलवर १९०७ सालचे लाकडी डबे नेतात, त्याचे पैसे निराळे.

मराठी माणसाने इथे एक दिवस जास्त काढावा, असं मला वाटण्याचं कारण आणखी वेगळं आहे. १३८६मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशिया संस्था सुरू झाली. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा आणि धनगरांच्या ओव्या यांच्यामागे महाराष्ट्रभर वर्षानुवर्षं फिरलेले गुंथर सोन्थायमर याच संस्थेतले. पशुपालकांच्या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६मध्ये आला, आणि १९९२मध्ये ते वारले. १९०७मध्ये कवी इक्बालही काही महिने इथे जर्मन शिकत होते. नेकारच्या काठाला त्यांचं नाव आहे. जेजुरी पाहिलेल्या आई-बाबांना सोन्थायमरांबद्दल सांगायचं असेल तर फिलॉसॉफेनवेग या नदीपलीकडच्या डोंगरवाटेवर सांगावं. तिथे जायला तिकीट लागत नाही, चढ मात्र सुरुवातीला चांगलाच आहे, म्हणून पुलापासूनच्या पायवाटेऐवजी नॉयेनहाइमच्या बाजूच्या रुंद रस्त्याने जावं.