एक दाढ गेली म्हणून रांग कोसळत नाही

दाढ काढून आठ वर्षं झालेल्या एक बाई परवा घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "डॉक्टर, ती जागा भरली नाही तर बाकीचे दात एकामागोमाग खिळखिळे होतात म्हणे." या आठ वर्षांत त्यांची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एक दिवस चुकली नव्हती. रांग कोसळायचीच होती, तर एव्हाना कोसळली असती! पण हे 'म्हणे' आठवड्यातून दोनदा तरी माझ्या खुर्चीत येऊन बसतं. पुष्कळदा ते आमच्याच व्यवसायातल्या कुणीतरी पेरलेलं असतं, याचा जास्त राग येतो.

दात सरकतात, एवढं खरं. शेजारची दाढ मोकळ्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातली जोडीदार हळूहळू खाली किंवा वर येते. पण किती? मागचा एक दात गेलेल्या आणि तो न बसवलेल्या १११ रुग्णांची पाहणी शुगर्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडली. सुमारे सात वर्षांत दहातल्या आठांहून अधिक जणांची फट फार तर १ मिलिमीटरने आकसली होती. त्याच वर्षी किलियारिडिस आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षं किंवा अधिक काळ जोडीदाराविना राहिलेल्या ८४ दाढा मोजल्या. १८ टक्के जागच्या हलल्याच नव्हत्या, बहुतेक २ मिलिमीटरपेक्षा कमी सरकल्या होत्या. २४ टक्के मात्र त्याहून जास्त. म्हणजे साधारण चौघींतली एक त्रास देऊ शकते. ती कोणती, हे आधी सांगता येत नाही. म्हणून लक्ष ठेवायचं.

कोवळ्या वयात सहा वर्षांची दाढ काढावी लागली, किंवा हिरड्यांचा आजार आहे, तर हिशेब वेगळा. तिथे 'बघू नंतर' महागात पडतं. इम्प्लांट करायचंच ठरलं असेल तरीही रेंगाळू नका, कारण दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर येते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते.

अगदी शेवटची दाढ गेली असेल तर बहुतेकदा काहीच करू नये, असं माझं मत. नेदरलँड्सच्या कायझर यांनी १९८१मध्येच दाखवलं, की मागच्या दाढा नसतानाही दोन्ही बाजूंना मिळून चावणाऱ्या चार जोड्या उरल्या तर माणूस बऱ्यापैकी जुळवून घेतो.

आणि 'ब्रिज म्हणजे स्वस्तात काम' हेही नीट ऐका: त्यासाठी शेजारचे दोन दात घासून बारीक करावे लागतात. ते निरोगी असतील तर माझा हात धजत नाही. आधीच कॅप लागणार असेल, तर खुशाल.

बाकीचे झटपट. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही. डोळ्याची नस तिथे नसते. मधुमेह असला म्हणून इम्प्लांट बाद नाही, साखर आटोक्यात हवी. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हिरडी सुजते आणि हाड झिजतं, त्यामुळे ब्रश सुटत नाही.

त्या बाईंची वरची दाढ जेमतेम एक मिलिमीटर उतरली होती. दातांचा साचा घेतला, डबीवर तारीख टाकली. पुढच्या वर्षी याच साच्याशी ताडून बघू म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "मग आजचे किती झाले?"